कोकणातल्या बेटांवर आणि जलदुर्गांवर जाताना या चुका टाळा

कोकणचा किनारा धरून उत्तरेकडून खाली आले की थळसमोर खांदेरी आणि उंदेरी, अलिबागला कुलाबा, मुरूडजवळ पद्मदुर्ग आणि जंजिरा, हर्णैला सुवर्णदुर्ग आणि मालवणला सिंधुदुर्ग असे एकामागून एक दुर्ग समुद्रात उभे असलेले दिसतात. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या ज्या १२ किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्यांत खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे समुद्राशी नाते सांगणारे चार किल्ले आहेत, आणि तेव्हापासून माझ्याकडे होणारी विचारणा बरीच वाढली आहे. मी अलिबागला राहते आणि छोट्या गटांना घेऊन या किल्ल्यांवर जाते. लोक आनंदाने येतात, इतिहास वाचून येतात, पण समुद्राविषयी काहीही न विचारता येतात, आणि मग त्याच त्या चुका माझ्या डोळ्यांसमोर पुन्हा पुन्हा घडतात. त्यांपैकी काही चुकांनी केवळ दिवस वाया जातो, परंतु काही चुका जिवावर बेततात, म्हणून हे लिहिणे मला आवश्यक वाटते.

भरती-ओहोटीची वेळ न पाहता निघणे

ही सर्वांत मोठी आणि सर्वांत नेहमीची चूक आहे. कुलाबा किल्ल्याकडे ओहोटीच्या वेळी चालत जाता येते, एवढेच बहुतेकांना ठाऊक असते. ओहोटी किती वाजता संपते, त्यानंतर पाणी कोणत्या गतीने परतते आणि परतण्यासाठी आपल्या हाती किती वेळ उरतो, हे विचारण्याची तसदी फार थोडे लोक घेतात. किनाऱ्यावर उभे राहून समोर ओली वाळू दिसली की वाट मोकळी आहे असे ते समजतात.

मार्गशीर्षातल्या एका त्रयोदशीची गोष्ट सांगते. त्या दिवशी पूर्ण ओहोटी दुपारी चारच्या सुमारास होती, म्हणून मी माझ्या गटाला अडीच वाजताच किल्ल्यात नेले होते आणि चार वाजता आम्ही परतीच्या वाटेला लागलो होतो. निम्म्या वाटेत आम्हाला एक कुटुंब भेटले. दोन भाऊ, त्यांच्या बायका, तीन मुले आणि सत्तरी ओलांडलेल्या आजी. मी थांबून त्यांना सांगितले की ओहोटी संपली आहे, आता पाणी परतू लागेल, तेव्हा आज इथूनच मागे वळावे आणि किल्ला उद्या पाहावा. थोरला भाऊ सभ्यपणे हसला आणि म्हणाला, "काकू, पाणी तर घोट्याएवढंसुद्धा नाही. तासाभरात येतोच परत." आजींनी माझ्याकडे पाहिले, त्यांना बहुधा परतायचे होते, पण मुले पुढे धावत सुटली होती आणि त्यांच्यामागे सगळेच गेले.

त्यांनी किल्ल्यातल्या सिद्धिविनायकाचे दर्शन घेतले, गोड्या पाण्याचा तलाव पाहिला, तटावर फोटो काढले आणि बाहेर पडेपर्यंत सहा वाजून गेले. थंडीच्या दिवसांत तेव्हा सूर्य मावळलेला असतो. भरती सुरू होऊन दोन तास झाले होते आणि पाणी सर्वांत वेगाने चढण्याचा काळ नेमका तेव्हाच सुरू होत होता. भरतीचे पाणी एखाद्या रेषेसारखे पुढून सरकत येत नाही. वाटेतला सखल भाग आधी भरतो, त्यामुळे किल्ल्याजवळचे खडक कोरडे असतानाच मागची वाट बंद झालेली असते. ते कुटुंब मध्यावर पोहोचले तेव्हा पाणी मोठ्यांच्या मांडीपर्यंत आले होते आणि बाजूने ओढत होते. घोडागाडीवाले केव्हाच परतले होते. मी किनाऱ्यावरून त्यांच्या मोबाइलचे हलणारे उजेड पाहत होते. ओळखीच्या दोन कोळी बांधवांना हाक मारली, त्यांनी होडी काढली आणि सगळ्यांना एकेक करून उचलून घेतले. कोणाच्या जिवाला धोका झाला नाही, परंतु आजी इतक्या गारठल्या होत्या की त्यांना बोलता येत नव्हते, आणि धाकट्या मुलाने तर आईच्या गळ्याला मारलेली मिठी किनाऱ्यावर आल्यावरही सोडली नाही. हे सारे टाळण्यासाठी कोणतेही खास ज्ञान लागत नव्हते. पंचांगातली तिथी पाहिली असती तरी पुरेसे होते.

कोकणात जुन्या काळापासून एक साधा हिशोब वापरला जातो. त्या दिवशीच्या तिथीची पाऊणपट करावी, जो आकडा येईल त्या सुमारास पूर्ण भरती असते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणून सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या आसपास भरती, आणि त्यानंतर साधारण सव्वासहा तासांनी, म्हणजे दुपारी बाराच्या पुढे, पूर्ण ओहोटी. त्रयोदशीला तेराची पाऊणपट पावणेदहा, म्हणून ओहोटी चारच्या सुमारास. पौर्णिमेला आणि अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. भरती रोज साधारण पाऊण तासाने पुढे सरकते, म्हणून शनिवारी पाहिलेली वेळ रविवारी चालत नाही. हा हिशोब अर्ध्या-पाऊण तासाने चुकू शकतो, कारण तिथी दिवसाच्या कोणत्याही वेळी बदलते, शिवाय खाडीच्या आत भरती उशिरा पोहोचते. म्हणून मी तिथीवरून दिवस ठरवते आणि नेमकी वेळ भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यावरून किंवा बंदरावरच्या फलकावरून पक्की करते. मोबाइलवरही हे तक्ते मिळतात, फक्त त्यात आपल्या जवळचे बंदर निवडलेले आहे ना, हे तपासावे. मुंबईची वेळ मालवणला लावू नये.

यात आणखी एक बारकावा आहे आणि नवख्यांना तो हमखास चकवतो. पौर्णिमा आणि अमावास्येच्या आसपास उधाण असते, तेव्हा पाणी खूप आत जाते आणि तितक्याच जोराने परत येते. अष्टमीच्या आसपास भांगेची भरती असते, तेव्हा पाण्याचा चढउतार कमी असतो आणि ओहोटी दुपारच्या सोयीच्या वेळी असली तरी कुलाब्याची वाट पूर्ण उघडी पडत नाही, गुडघाभर पाण्यातून जावे लागते. अलिबागकडे उधाणाच्या दिवशी भरती-ओहोटीतला फरक चार मीटरच्या आसपास जातो, तर मालवणकडे तो साधारण निम्म्यावर येतो. त्यामुळे दक्षिण कोकणात वावरलेल्या माणसाचा अंदाजही अलिबागला चुकतो. पाणी सहा तास एकाच गतीने वाढत नाही, हेही लक्षात ठेवावे. पहिल्या आणि शेवटच्या तासात ते हळू चढते, पण मधल्या दोनच तासांत एकूण चढणाऱ्या पाण्यापैकी जवळजवळ निम्मे पाणी येते. त्यामुळे पहिल्या तासात फारसा बदल न दिसल्याने माणूस निर्धास्त होतो आणि तिसऱ्या तासात सापडतो.

माझा शिरस्ता असा आहे की ओहोटी पूर्ण होण्याच्या दीड तास आधी, पाणी अजून उतरत असतानाच निघायचे, आणि ओहोटीची वेळ झाली की त्या मिनिटाला परत फिरायचे. किल्ला अर्धा पाहून झाला असला तरी फिरायचे. गटातल्या प्रत्येकाला परतीची वेळ मी पेनाने मनगटावर लिहायला लावते. काहींना हे शाळेसारखे वाटते, पण मोबाइलची बॅटरी संपते, घड्याळ गाडीत राहते आणि मनगट मात्र सोबत असते. उधाणाच्या दिवशी वेळ निघून गेल्यानंतर कोणीही कितीही पैसे दिले तरी मी वाळूत पाऊल टाकत नाही.

आणि समजा चूक झालीच, किल्ल्यात असतानाच पाणी भरले, तर पाण्यात उतरू नये. किल्ला कुठे पळून जात नाही. तिथल्या माणसांना सांगावे, किनाऱ्यावर कोणाला फोन करता येत असेल तर करावा, ११२ वर कळवावे आणि होडी येईपर्यंत किंवा पुढची ओहोटी होईपर्यंत उंच जागी बसून राहावे. रात्र उघड्यावर काढणे कठीण असते, तरीही अंधारात कमरेएवढ्या वाहत्या पाण्यातून मुलांना नेण्यापेक्षा ते शतपटीने बरे.

पावसाळ्यात होडी मिळेल या आशेवर येणे

मे महिन्याच्या अखेरीपासून ऑगस्ट संपेपर्यंत जलदुर्गांची प्रवासी वाहतूक बंद असते, आणि सप्टेंबरमध्ये ती कधी सुरू होईल हे समुद्र शांत होण्यावर अवलंबून राहते. तरीही जुलैच्या पावसात जंजिरा पाहण्यासाठी लांबून आलेली आणि राजपुरीच्या धक्क्यावर हिरमुसून उभी राहिलेली कुटुंबे दरवर्षी दिसतात. त्यांपैकी काही जण जादा पैसे देऊन कोणाची तरी होडी मिळवण्याचा खटाटोप करतात. असा मार्ग शोधणाऱ्यांविषयी मला मुळीच सहानुभूती वाटत नाही, कारण ते स्वतःबरोबर त्या होडीवाल्याचाही जीव धोक्यात घालतात. मासेमारी करणाऱ्या यांत्रिक नौकाही १ जूनपासून बंदीमुळे किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, म्हणजे अपघात झाला तर मदतीला धावणारी होडीही जवळपास नसते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा इथल्या नारळी-पोफळीच्या बागांची काय अवस्था झाली हे आम्ही पाहिले आहे. ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ उत्तम. मार्चनंतर दुपारी वारा चढतो आणि समुद्र खवळू लागतो, म्हणून तेव्हा सकाळची पहिली होडी धरावी.

एका दिवसात सगळे उरकणे

सकाळी कुलाबा, दुपारी जंजिरा, संध्याकाळी दिवेआगर आणि रात्री परत, असे बेत मला कागदावर लिहून दाखवले जातात. नकाशावर अंतर कमी दिसते, पण कोकणातला रस्ता खाडीला वळसा घालत जातो. दिघी ते आगरदांडा, बागमांडला ते वेसवी, दाभोळ ते धोपावे, जयगड ते तवसाळ अशा जंगलजेटी, म्हणजे माणसांबरोबर गाड्याही खाडीपार नेणाऱ्या फेरीबोटी, आहेत आणि त्यांनी वेळ खूप वाचतो. मात्र गर्दीच्या दिवशी गाड्यांची रांग लागते, शेवटच्या फेरीची वेळ असते, आणि ती चुकली तर संपूर्ण खाडीला वळसा पडतो. मोबाइलवरचा नकाशा खाडीतून सरळ रेघ ओढतो आणि धक्क्यावर थांबावा लागणारा वेळ त्यात धरत नाही. आदल्या दिवशी फोन करून शेवटच्या फेरीची वेळ विचारावी आणि तिच्या आधीची फेरी आपली समजावी.

किल्ल्यावरही हीच घाई दिसते. सिंधुदुर्गाचे बांधकाम २५ नोव्हेंबर १६६४ रोजी कुरटे बेटावर सुरू झाले. त्याचा तट सुमारे तीन किलोमीटर लांब आहे आणि आतला परिसर ४८ एकरांचा आहे. होडीवाले साधारण तासाभराचा अवधी देतात, आणि तेवढ्यात लोक शिवराजेश्वराचे मंदिर आणि महाराजांच्या हातापायांचे ठसे पाहून धावत परततात. दूधबाव, साखरबाव आणि दहीबाव या तीन गोड्या पाण्याच्या विहिरी चारी बाजूंनी खाऱ्या पाण्याने वेढलेल्या खडकावर आहेत, त्यांच्या काठाशी दोन मिनिटे उभे राहायलाही कोणाला सवड नसते. मी निघतानाच तांडेलाला, म्हणजे होडीच्या प्रमुखाला, सांगते की आम्ही नंतरच्या होडीने येऊ, आणि तिकिटाचे काय ते तिथेच ठरवून घेते. बहुतेक वेळा ते मान्य करतात. न विचारता उशीर केला तर मात्र होडी तुमच्यासाठी थांबावी ही अपेक्षा चुकीची आहे, कारण तिच्यात बसलेल्या इतरांनाही परतायचे असते. जाण्याआधी मालवणच्या किनाऱ्यावरचा मोरयाचा धोंडा अवश्य पाहावा. किल्ल्याच्या पायाभरणीची पूजा तिथे झाली आणि त्या खडकावर गणपती, सूर्य आणि चंद्र कोरलेले आहेत.

सुवर्णदुर्ग आणि पद्मदुर्ग यांच्याबाबतीत तर घाई चालतच नाही. तिथे सिंधुदुर्गासारखी सतत ये-जा करणारी होडी नसते. हर्णै किंवा मुरूडला आदल्या दिवशी जाऊन होडी ठरवावी लागते, आणि भरती-ओहोटी पाहून वेळ तांडेलच सांगतो. उतरताना बऱ्याचदा गुडघाभर पाण्यात पाय घालावा लागतो. सुवर्णदुर्गाच्या दरवाजात पायरीवर कोरलेले कासव आणि भिंतीवरचा मारुती पाहावा. आतमध्ये गवत आणि काटेरी झुडपे वाढलेली असतात, म्हणून पूर्ण पायघोळ कपडे घालावेत. संध्याकाळी हर्णै बंदरात मासळीचा लिलाव असतो, तो पाहायचा असेल तर किल्ला सकाळीच उरकलेला बरा.

होडीत चढताना आणि उतरताना उतावीळ होणे

लाइफ जॅकेट अंगावर घेऊन त्याचे पट्टे मोकळे सोडणे म्हणजे ते न घालण्यासारखेच आहे, कारण पाण्यात पडताक्षणी ते डोक्यावरून निघून जाते. लहान मुलांना मोठ्या मापाचे जॅकेट देऊ नये, मुलांच्या मापाचे मागावे, आणि नसेल तर दुसरी होडी धरावी. सगळ्यांनी एका बाजूला येऊन फोटो काढू नयेत. जंजिऱ्याच्या दरवाजाशी होडी लागते तेव्हा ती लाटेबरोबर वरखाली होत असते आणि पायऱ्यांवर शेवाळ असते. होडी वर येऊन पायरीच्या पातळीला क्षणभर स्थिर होते, तोच पाऊल टाकण्याचा क्षण असतो आणि तो खलाशाला कळतो. त्याने हात पुढे केल्याशिवाय उठू नये. होडी आणि दगड यांच्यामध्ये हात किंवा पाय कधीही घालू नये, कारण तिथे बोटे चिरडलेली मी पाहिली आहेत.

ज्यांना होडी लागते त्यांनी मधोमध बसावे, क्षितिजाकडे पाहावे आणि उपाशीपोटी येऊ नये.

वाळूवर गाडी नेणे

या चुकीविषयी बोलताना मला शांत राहणे कठीण जाते. दापोली तालुक्यातल्या एका किनाऱ्यावर एका तरुण जोडप्याने नवी गाडी थेट लाटांच्या जवळ आणली होती. ओली वाळू घट्ट असते, त्यामुळे गाडी व्यवस्थित चालत होती आणि ते खूश होते. मग फोटो काढण्यासाठी त्यांनी ती उभी केली. उभ्या गाडीच्या चाकांखालून येणाऱ्या-जाणाऱ्या लाटा वाळू उपसून नेतात, आणि दहा-पंधरा मिनिटांत चाके चार-पाच बोटे खाली गेली. मुलाने जोरात इंजिन चालवले, चाके जागच्या जागी फिरली आणि गाडी थेट खालच्या पत्र्यावर बसली. भरती चढत होती. आम्ही सात-आठ जणांनी ढकलले, पण गाडी हलली नाही. गावातून ट्रॅक्टर येईपर्यंत पाणी दारापर्यंत पोहोचले होते. ट्रॅक्टरने ती बाहेर काढली आणि मग त्या मुलाने, सर्वांनी नको म्हणत असताना, गाडी सुरू होते का ते पाहिले. इंजिनात पाणी शिरलेले असताना ती चालू करण्याचा प्रयत्न केला की आतले भाग वाकतात, आणि त्याच्या गाडीचे तेच झाले.

किनारा ही गाडी चालवण्याची जागा नाही, एवढेच माझे म्हणणे आहे. ऑलिव्ह रिडले कासवांच्या माद्या हिवाळ्यात वेळास, आंजर्ले आणि आसपासच्या किनाऱ्यांवर येऊन वाळूत अंडी घालतात, आणि त्या घरट्यांवरून चाके गेली तर ती अंडी वाचत नाहीत. अनेक गावांनी तसे फलक लावले आहेत, तरी लोक फलकाशेजारूनच गाडी खाली उतरवतात आणि वर स्थानिक लोक कटकट करतात अशी तक्रार करतात.

चुकून अडकलातच तर सर्वांनी आधी खाली उतरावे आणि इंजिन जोरात चालवू नये. चाकांची हवा निम्म्याच्या आसपास येईपर्यंत सोडावी, पुढची वाळू हातांनी उपसावी, गाडीतल्या पायपुसण्या किंवा नारळाच्या पानांचे झापे चाकांखाली द्यावेत आणि अगदी हळू गाडी पुढे घ्यावी. दोन प्रयत्नांत निघाली नाही तर लगेच गावात माणूस पाठवून ट्रॅक्टर मागवावा. फोटो आणि व्हिडिओ काढण्यात घालवलेला अर्धा तास सर्वांत महाग पडतो. गाडी निघाल्यावर त्याच दिवशी खालून गोड्या पाण्याने भरपूर धुवावी, नाहीतर महिन्याभरात गंज दिसू लागतो.

ओळख नसलेल्या पाण्यात पोहणे

१ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले महाविद्यालयीन विद्यार्थी बुडाले. ती तरुण मुले होती आणि दिवस स्वच्छ उन्हाचा होता. पाण्याला ओढ आहे, असे गावकरी ज्या जागी सांगतात तिथे उत्तम पोहणाऱ्यानेही उतरू नये. गणपतीपुळ्याचा समुद्र दिसायला देखणा आहे आणि उतरायला अतिशय फसवा आहे. ओहोटी चालू असताना, खाडीच्या मुखाशी, जेवणानंतर लगेच आणि मद्य घेऊन पाण्यात जाऊ नये. लाटा फुटत असताना मधला एखादा पट्टा शांत दिसत असेल तर तीच जागा बहुधा आत ओढणाऱ्या प्रवाहाची असते, आणि नेमकी तीच जागा मुलांना खेळायला बरी वाटते. ओढीत सापडल्यास किनाऱ्याकडे सरळ पोहण्याचा हट्ट धरू नये, त्यात दम संपतो. किनाऱ्याला समांतर पोहत त्या पट्ट्यातून बाहेर पडावे, किंवा नुसते पाठीवर तरंगत हात वर करून मदत मागावी. बाहेरच्यांनी साखळी करून आत शिरू नये. दोरी, रिकामा बंद कॅन, चेंडू, जे तरंगते ते फेकावे.

देवबागजवळ कर्ली नदीच्या मुखाशी वाळूचा जो पट्टा त्सुनामी आयलंड म्हणून ओळखला जातो, तो भरतीला पाण्याखाली जातो. तिथून निघण्याची वेळ तांडेल सांगेल तीच, त्यावर घासाघीस करू नये.

स्कूबाला घाईने उतरणे आणि घाईने परतणे

मालवणचा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे आणि सिंधुदुर्गाच्या आसपासच्या खडकांवर प्रवाळ आहेत. प्रवाळ हा सजीव आहे, त्यावर पाय ठेवू नये, त्याचा तुकडा तोडू नये, शंख-शिंपल्यांनाही हात लावू नये. सर्दी असेल, कान दुखत असेल, दमा किंवा हृदयविकार असेल तर उतरू नये, आणि आजार लपवून अर्ज भरणे हा तर स्वतःशीच केलेला दगा आहे. खाली जाताना कानांवर दाब येऊ लागला की नाक चिमटीत धरून हलकेच फुंकर मारावी, दुखू लागले तर थोडे वर यावे. पाण्याखाली श्वास कधीही रोखून धरू नये. खुणा नीट समजावून सांगण्यासाठी जो चालक दहा मिनिटेही देत नाही, त्याच्याकडे दर कमी असला तरी जाऊ नये. तारकर्लीला पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे, ज्यांना हा छंद गंभीरपणे करायचा आहे त्यांनी तिथे रीतसर शिकावे.

बुडी मारून त्याच दिवशी विमान पकडणे टाळावे. एका बुडीनंतर किमान १२ तास आणि अनेक बुड्यांनंतर किमान १८ तास थांबावे असा नियम आहे. मी सर्वांना पूर्ण एक दिवस राखायला सांगते. खोल बुड्या घेणाऱ्यांनी त्याच संध्याकाळी आंबोली किंवा गगनबावड्याचा घाट चढण्याचीही घाई करू नये, कारण उंचीवर हवेचा दाब कमी होतो आणि शरीरात विरघळलेला नायट्रोजन बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडू लागतो.

लहान, पण दरवेळी दिसणाऱ्या चुका

जंजिऱ्यावर जाताना पाणी सोबत न्यावे, माणशी किमान एक लिटर, आणि रिकामी बाटली परत आणावी. सपाता घालून शेवाळलेल्या खडकावर चालू नये, मागे पट्टा असलेली चप्पल घालावी, कारण कालवांच्या कडा ब्लेडइतक्या धारदार असतात. सुटे पैसे ठेवावेत, धक्क्यावर मोबाइलचा सिग्नल नसला की ऑनलाइन पैसे जात नाहीत.

घरगुती निवासात जेवण हवे असेल तर सकाळीच सांगावे. मासळी बाजारातून आणून, निवडून, वाटण करून जेवण होते, ते दहा मिनिटांत ताटात येत नाही, आणि रात्री साडेनऊला येऊन सुरमईचा आग्रह धरणाऱ्यांनी त्या घरातल्या बाईचा विचार करावा. गणेशोत्सवात आणि शिमग्यात घरमालक स्वतः सणात असतात आणि मुंबईहून येणाऱ्या चाकरमान्यांनी रस्ते भरलेले असतात, म्हणून त्या दिवसांत केवळ किल्ले पाहायला येऊ नये.

पावसाळ्याच्या शेवटी किनाऱ्याला जेलीफिश लागतात. डंख झाला तर वाळूने चोळू नये आणि गोड्या पाण्याने धुवू नये, समुद्राच्याच पाण्याने धुऊन चिकटलेले तंतू चिमट्याने काढावेत. उथळ पाण्यात पाय उचलून टाकण्याऐवजी वाळूतून घासत चालावे, त्यामुळे वाळूत लपलेले पाकट, म्हणजे शेपटीला विषारी काटा असलेला चपटा मासा, आधीच दूर सरकते. त्याचा काटा लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवून ठेवावा आणि तसाच डॉक्टरांकडे न्यावा. श्वास घेताना त्रास, चक्कर किंवा उलट्या सुरू झाल्या तर घरगुती उपायांत एक मिनिटही न घालवता १०८ वर फोन करावा. गाव कोणते, किनारा कोणता आणि जवळची खूण कोणती, हे तीन तपशील निघण्यापूर्वीच कागदावर लिहून पाकिटात ठेवावेत, म्हणजे फोनवर ते शोधत बसावे लागत नाही.